वार पुरण्याआधी तपासून घ्या

बाळ रडले की बाळंतिणीच्या खोलीत सगळ्यांचे डोळे बाळाकडे लागतात. त्यानंतर पाच-दहा मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने वार पडते. नर्स ती उलटसुलट करून पूर्ण पडली की नाही एवढे पाहते आणि बाजूला ठेवते. काही घरांतून ती मागून नेतात आणि परसात खड्डा खणून पुरतात. बाळ ठणठणीत असले तर वारेची गोष्ट तिथेच संपते. पण बाळ पोटातच गेले, किंवा अगदी कमी वजनाचे जन्मून दोन दिवसांत गेले, तर घरात चौकशी सुरू होते ती सुनेची. ग्रहणात सुरी हातात घेतली होती का, तिन्हीसांजेला बाहेर पडली होती का, कोणाची नजर लागली का. १९५६ मध्ये आपण देव-दैवते सोडली, तरी बाळंतपणाच्या खोलीत ही जुनी चौकशी अजून दबा धरून बसलेली दिसते. आणि ज्या वस्तूत पुष्कळदा खरे उत्तर असते, ती वार तेवढ्यात मातीआड गेलेली असते.

आजच्या पानावर आम्ही वार आणि किडनी या दोन अवयवांविषयी लिहीत आहोत. दोन्ही एकत्र का, ते पुढे कळेल. गरोदरपणात रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात आणि वेळेवर लक्ष दिले नाही तर झटके येतात, या आजाराला डॉक्टर प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. हा आजार सुरू होतो वारेत आणि त्याची खूण उमटते किडनीत. पॅथॉलॉजीच्या, म्हणजे विकृतिशास्त्राच्या संशोधकांनी या दोन्ही अवयवांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, म्हणून आज आपल्याला हे माहीत आहे.

लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर हरिहरेश्वर आणि भोवतालच्या वस्त्या आहेत. पर्यटकांना हरिहरेश्वर म्हणजे काळभैरवाचे देऊळ, खडकाळ किनारा आणि माशाचे जेवण. तिथल्या बाईला मात्र हरिहरेश्वर म्हणजे लॉजच्या चादरी, खानावळीच्या भाकऱ्या, सुपारीच्या वाडीतले शिंपणे आणि आषाढात गुडघाभर चिखलातली लावणी. श्रीवर्धनचे सरकारी रुग्णालय वीसेक किलोमीटरवर. त्याहून मोठ्या ठिकाणी जायचे तर म्हसळामार्गे माणगाव, नाहीतर महाड, आणि जिल्ह्याचे अलिबाग तर फारच लांब. बागमांडल्याची जेटी जवळ आहे, पण रात्री-अपरात्री फेरीबोटीच्या भरवशावर बाळंतीण नेता येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा झाडे पडून रस्ते बंद झाले आणि वीज कित्येक दिवस नव्हती. अशा जागी झटके आल्यावर धावपळ करण्यापेक्षा झटके येणार हे महिनाभर आधी ओळखणे शहाणपणाचे. आणि ते ओळखता येते.

आधी वार म्हणजे काय ते पाहू. पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलो वजनाची, भाकरीएवढी गोल आणि मधे जाडसर असते. तिच्या एका बाजूला नाळ असते, दुसरी बाजू गर्भाशयाला चिकटलेली असते. बाळाचे आणि आईचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. वारेत झाडाच्या फांद्यांसारखे बारीक कोंब असतात, त्यांच्या आत बाळाचे रक्त वाहते आणि बाहेरून आईचे रक्त त्यांना भिजवत जाते. प्राणवायू, साखर, प्रथिने त्या पातळ पडद्यातून आत जातात आणि बाळाचा मैला बाहेर येतो. नववा महिना लागेपर्यंत दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त गर्भाशयाकडे जाते. बाळाचे फुप्फुस, किडनी आणि आतडे अशी तिन्ही कामे नऊ महिने वारच करते.

एवढे रक्त येते कुठून? गर्भाशयाच्या आतल्या थरात स्प्रिंगसारख्या पिळलेल्या बारीक रक्तवाहिन्या असतात. दिवस गेल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच महिन्यांत वारेच्या पेशी या रक्तवाहिन्यांत शिरतात, त्यांच्या भिंतीतले स्नायू काढून टाकतात आणि अरुंद नळीचे रुंद नाळके करतात. आयव्हो ब्रोसेन्स, विल्यम रॉबर्टसन आणि जेफ्री डिक्सन या तिघांनी १९६७ मध्ये वारेखालच्या जागेचे तुकडे तपासून हा बदल नीट मांडला. १९७२ मध्ये त्यांनी दाखवले की प्री-एक्लॅम्पसिया झालेल्या बायकांत हा बदल अर्धवट राहतो. नळी अरुंदच राहते. वारेला रक्त कमी पडते, तिचे काही भाग मरतात आणि पांढरट, कडक डाग दिसू लागतात. कधी वारेच्या मागे रक्त साकळते. बाळाची वाढ खुंटते. म्हणजे आठव्या महिन्यात जे संकट दिसते, त्याची सुरुवात चौथ्या महिन्याच्या आसपासच झालेली असते. त्याचा ग्रहणाशी संबंध नाही, पपई खाल्ल्याशी नाही, कोणाच्या नजरेशीही नाही.

आता किडनी. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळे परत घेतात. गरोदरपणात हे काम जवळजवळ दीडपट होते. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक झुबका. गाळणी धड असली तर रक्तातले प्रथिन लघवीत उतरत नाही.

१८४३ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये जॉन लीव्हर नावाच्या डॉक्टरने झटके येणाऱ्या बाळंतिणींची लघवी तापवून पाहिली. अंड्यातला पांढरा भाग तापवला की थिजतो, तशी ती लघवी थिजून पांढरी झाली. लघवीत प्रथिन होते. आज आशाताई किंवा नर्स लघवीत जी कागदाची पट्टी बुडवून रंग पाहतात, ती त्याच तपासणीची सुटसुटीत आवृत्ती आहे. पण किडनीत नेमके होते काय, हे कळायला आणखी शंभराहून अधिक वर्षे गेली. १९५९ मध्ये शिकागोच्या बेंजामिन स्पार्गो आणि सहकाऱ्यांनी अशा बायकांच्या किडनीचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गाळणीतल्या रक्तवाहिन्यांच्या आतले अस्तर सुजून फुगले होते, इतके की रक्ताला जायला वाट उरली नव्हती.

वारेला रक्त कमी पडले तर किडनीचे अस्तर का सुजावे? या कोड्याचे उत्तर २००३ मध्ये सापडले. भारतीय वंशाचे किडनीतज्ज्ञ डॉ. अनंत करुमांची आणि त्यांच्या बोस्टनच्या सहकाऱ्यांना दिसले की आजारी वार एक प्रथिन प्रमाणाबाहेर तयार करून आईच्या रक्तात सोडते. रक्तवाहिन्यांचे अस्तर धडधाकट ठेवणारे जे रस शरीरात असतात, त्यांना हे प्रथिन पकडून ठेवते. ते उंदरिणींच्या अंगात वाढवले तेव्हा त्यांचा रक्तदाब वाढला, लघवीत प्रथिन उतरले आणि किडनीत स्पार्गोंना दिसली तशीच सूज आली. पोटात पिल्ले नसलेल्या उंदरिणींनाही रक्तदाब झाला. दोष बाईच्या वागण्यात नाही, तो वारेतून रक्तात येणाऱ्या द्रव्यात आहे, हे इतके स्वच्छ कळले. आजारी वार बाहेर पडली की आजार ओसरू लागतो तो यामुळेच. म्हणूनच रक्तदाब हाताबाहेर जाऊ लागला की डॉक्टर दिवस भरण्याआधीच बाळंतपण करायचे ठरवतात. घरच्यांना वाटते डॉक्टरांना घाई झाली आहे. खरे म्हणजे त्या वेळी आईचा जीव, किडनी आणि मेंदू वाचवायचा दुसरा उपाय नसतो.

गरोदर बाईच्या किडनीचा तुकडा काढणे जोखमीचे, रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे तो क्वचितच काढतात. पण लघवी तर रोज हाताशी आहे. लघवीची पट्टी आणि दंडाला बांधायचा पट्टा, एवढ्याने वारेची आणि किडनीची बातमी मिळते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब चार तासांच्या अंतराने दोनदा १४० वर ९० किंवा त्याहून जास्त भरला, तर ही गोष्ट थांबण्यासारखी नाही. १६० वर ११० म्हणजे त्याच दिवशी, त्याच गाडीने रुग्णालय. आकडे कार्डावर लिहून घ्यायला लावा. ‘बीपी नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. मागच्या महिन्यात ११० वर ७० होता आणि आज १३४ वर ८६ आहे, हे कार्डावर दिसले तरच पुढची नर्स सावध होईल.

पाय सुजणे गरोदरपणात बऱ्याच जणींना होते. पण तोंड आणि हात सुजले, बांगडी एकाएकी घट्ट झाली, डोके असह्य दुखू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, पोटाच्या वरच्या भागात, बरगडीखाली दुखू लागले, लघवी कमी झाली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट पाहू नये. पोटात दुखते म्हणून पित्ताची गोळी देऊन झोपवलेली बाई पहाटे झटक्यात सापडते, अशा घटना आरोग्य कार्यकर्त्यांच्या ऐकिवात वारंवार येतात. १०८ ला फोन करा, आणि फोनवर ‘बाळंतीण आहे’ एवढेच न सांगता ‘बीपी वाढले आहे, डोके दुखते आहे’ असे सांगा.

झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट नावाचे इंजेक्शन आहे. ते जुने आणि स्वस्त आहे. २००२ मध्ये मॅगपाय नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, ३३ देशांतल्या दहा हजारांच्या आसपास बायका तिच्यात होत्या. हे इंजेक्शन वेळेवर दिले तर झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, असे तिच्यात दिसले. आपल्या महाराष्ट्राचाही यात हात आहे. परदेशी पुस्तकांतला डोस तिथल्या धिप्पाड बायकांसाठी ठरलेला होता. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बायकांच्या अंगकाठीला साजेशी कमी डोसाची पद्धत मांडली. पहिला डोस प्राथमिक केंद्रातच देऊन मग बाईला पुढे पाठवावे, अशी सरकारी मार्गदर्शिका आहे. झटका आलेल्या बाईला काहीही न देता तासाभराच्या घाटरस्त्यावर पाठवत असतील तर घरच्यांनी नम्रपणे पण ठामपणे विचारावे, ‘मॅग्नेशियमचे इंजेक्शन दिले का?’ हा प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे.

आता मथळ्यात म्हटले त्याकडे येऊ. वार तपासायला पाठवायची म्हणजे काय करायचे?

सरसकट प्रत्येक वार तपासायची गरज नाही. बाळ पोटात गेले असेल, फार लवकर किंवा फार कमी वजनाचे जन्मले असेल, आईला रक्तदाब, झटके किंवा ताप असेल, तर डॉक्टरांना विचारा, ‘वार तपासायला पाठवता येईल का?’ शक्यतो बाळंतपणाआधीच विचारून ठेवा, कारण नंतर त्या गडबडीत कोणाला सुचत नाही. वार फॉर्मॅलिन नावाच्या द्रावणात ठेवतात. ते लगेच मिळत नसेल तर झाकणाच्या स्वच्छ डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवता येते. बर्फाच्या कप्प्यात मात्र नाही, गोठली की पेशी फुटतात. मीठ, हळद, स्पिरिट काही लावू नये. डब्यावर आईचे नाव, तारीख आणि किती आठवड्यांचे बाळंतपण ते लिहावे. ही तपासणी गावातल्या रक्त-लघवीच्या लॅबमध्ये होत नाही, त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालय किंवा मोठे रुग्णालय लागते.

तिथे पॅथॉलॉजिस्ट आधी वार वजन करून मोजतात, नाळ पाहतात, वारेच्या चकत्या पाडून डाग आणि साकळलेले रक्त शोधतात. मग छोटे तुकडे मेणात बसवून कागदाहून पातळ काप काढतात आणि जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. जंतुसंसर्ग होता का, रक्त कमी पडत होते का, रक्तवाहिन्या अरुंद होत्या का, हे त्यात दिसते. नेहमीच पक्के उत्तर मिळते असे नाही, काही वेळा अहवालात कारण सापडले नाही असेच येते. पण उत्तर मिळाले तर पुढच्या खेपेला त्याचा उपयोग होतो. वारेला रक्त कमी पडल्याचा अहवाल हाती असेल, तर पुढच्या गरोदरपणात डॉक्टर बाराव्या आठवड्यानंतर, सोळाव्याच्या आत, कमी डोसाची ॲस्पिरिन सुरू करायची का याचा विचार करू शकतात. ही गोळी मनाने घ्यायची नाही. आणि चौथा-पाचवा महिना उलटून गेल्यावर सुरू केली तर तिचा फारसा फायदा होत नाही, कारण रक्तवाहिन्या रुंद होण्याची वेळ टळलेली असते. म्हणून उशिरा नाव नोंदवण्याची सवय मोडली पाहिजे.

वार दुसऱ्याच्या हाती गेली तर त्यावर करणी करतात, ही भीती अजून काही घरांत आहे. आमच्या मते ही भीती हसण्यावारी नेऊ नये, कारण ती बहुधा बाळ गमावलेल्या आजीच्या तोंडून येते. तिला शांतपणे सांगावे की, आई, प्रयोगशाळेत वारेवर नंबर घालतात, तुकडे ठेवतात आणि उरलेली वार नियमाप्रमाणे नष्ट करतात. तिथे कोणाला आपल्या घराशी वैर नाही. आणि सुनेला नको त्या प्रश्नांपासून सोडवणारा एक कागद तिथून मिळू शकतो.

इथपर्यंत आजाराचे झाले. पण आजार नसतानाही वार लहान राहते, आणि तिथे आपल्या वस्त्यांचा खरा प्रश्न आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास केला. त्यातच डॉ. अरुण किनरे यांनी सोनोग्राफीने पाचव्या महिन्याच्या सुमारास वारेचे आकारमान मोजले. दिवस जाण्याआधी जिचे वजन कमी, तिची वार लहान. वार लहान, तर बाळही लहान. या गावांतल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले, तर इंग्लंडच्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. त्याच गावांत पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी बायका काय खातात आणि किती राबतात याची नोंद घेतली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाने आम्हीही चकित झालो. नुसते पोट भरण्याने बाळाच्या वजनात फारसा फरक पडत नव्हता. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध खाणाऱ्या बायकांची बाळे मात्र मोठी होती. आणि पुढच्या अभ्यासात दिसले की जी बाई गरोदरपणात जास्त राबते तिचे बाळ लहान.

मग मुंबईच्या वस्त्यांत ‘सरस’ नावाने एक मोठा प्रयोग झाला. डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी साडेसहा हजार बायकांना रोज खाऊ दिला. निम्म्यांना पालेभाजी, फळे आणि दुधाचा, निम्म्यांना बटाटा-कांद्यासारख्या गोष्टींचा. एकंदरीत पाहता बाळाच्या वजनात फरक आढळला नाही. पण ज्यांनी दिवस जाण्याच्या तीन महिने आधीपासून पालेभाजीचा खाऊ खाल्ला होता, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. ४८ ग्रॅम म्हणजे काही फार नाही. तरी त्यातून एक गोष्ट कळते. वार पहिल्या महिन्यांत रुजते, म्हणून खाण्याची तयारी डोहाळजेवणाला करून उपयोगाची नाही, ती लग्न ठरलेल्या, किंबहुना शाळेत जाणाऱ्या मुलीच्या ताटापासून करावी लागते. सगळ्यांना वाढून उरलेले खाणारी मुलगीच उद्या लहान वारेची आई होते. हरिहरेश्वरसारख्या ठिकाणी शेवग्याचा पाला, माठ, टाकळा, नाचणी, सुका जवळा या गोष्टी परवडतात. सरकारी केंद्रातून चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, त्या लोहाच्या गोळीबरोबर एकदम घेऊ नयेत, मधे दोन तास जाऊ द्यावेत. जिच्या खाण्यात कॅल्शियम कमी, तिचा रक्तदाब वाढण्याचा धोका या गोळ्यांनी कमी होतो.

लहान वारेचा हिशेब बाळाच्या किडनीत लिहिला जातो. किडनीतल्या गाळण्या पोटात असतानाच, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होतात. त्यानंतर जन्मभर एकही नवी गाळणी होत नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतील बॅरी ब्रेनर यांनी अंदाज मांडला की ज्याला जन्मतः गाळण्या कमी, त्याला पुढे रक्तदाब होतो. २००३ मध्ये जर्मनीत अपघातात मेलेल्या वीस माणसांच्या किडन्यांतल्या गाळण्या मोजल्या गेल्या. रक्तदाब असलेल्या दहा जणांच्या एकेका किडनीत सुमारे सात लाख, रक्तदाब नसलेल्या दहा जणांच्या किडनीत सुमारे चौदा लाख. वीस माणसांवरून सगळे सिद्ध होत नाही. पण आपल्या वस्तीत चाळिशीत रक्तदाब आणि पन्नाशीत डायलिसिस अशी घरे दिसतात, तेव्हा केवळ दारू-तंबाखूला दोष देऊन मोकळे होण्याआधी त्या माणसाच्या आईला गरोदरपणी काय खायला मिळाले, हेही विचारले पाहिजे.

आणि किती राबावे लागले, हेही. २८ जुलै १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणाची सवलत देणारे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा बोजा मुख्यतः सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये तो कायदा झाला. डॉ. राव यांचे आकडे यायला अजून सत्तर वर्षे होती. लॉजवर, वाडीत, लावणीला जाणाऱ्या आपल्या बायकांना आजही रजा नाही. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये मिळतात, तेही कागदपत्रांच्या फेऱ्यांत अडकतात. महिला मंडळांनी निदान एवढे करावे की वस्तीतल्या गरोदर बाईचे सातव्या महिन्यापासूनचे पाणी भरण्याचे आणि लावणीचे काम वाटून घ्यावे. सासूबाईंनी पुढाकार घेतला तर हे सहज जमते, असा आमचा अनुभव आहे.

लावणीवरून आठवले. दिवसभर वाकून कंबर धरली की दुकानातून अंगदुखीची गोळी आणायची सवय आहे. गरोदरपणात डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असल्या गोळ्या घेऊ नयेत. विसाव्या आठवड्यानंतर त्यांनी पोटातल्या बाळाच्या किडनीला इजा होऊ शकते आणि गर्भजल कमी होते. पॅरासिटामॉल चालते, तीही विचारून. आणि पावसाळ्यात ताप आला तर अंगावर काढू नका. मलेरियाचे जंतू वारेत जाऊन चिकटून बसतात. चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस किडनी धरतो. तापाबरोबर पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे किंवा लघवी कमी होणे असेल, तर ‘मी चिखलात कामाला होते’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधे, तपासण्या आणि येण्या-जाण्याची गाडी २०११ पासून मोफत आहे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला बायका जमतातच. तिथे आशाताईंना बोलावून गरोदर बायकांचा रक्तदाब मोजून घ्यायला अर्धा तास लागतो. रक्तदाबाचे यंत्र वर्गणी काढून विहारातच ठेवले तर आणखी बरे. ज्यांचे दिवस भर पावसात भरणार आहेत आणि ज्यांचा रक्तदाब चढता आहे, त्यांनी शेवटचे दोन-तीन आठवडे श्रीवर्धन, माणगाव किंवा महाडला नातेवाइकांकडे जाऊन राहावे.

बाळंतपण झाले की आजार संपला असे समजून बायका दवाखाना सोडतात. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, पहिला आठवडा विशेष जपण्याचा, आणि सहा आठवडे लक्ष ठेवायचे. या आजारातून उठलेल्या बाईच्या किडनीची सूज बहुतेक वेळा उतरते. सगळ्यांची उतरत नाही. नॉर्वेत पावणेसहा लाख बायकांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा पहिल्या खेपेला प्री-एक्लॅम्पसिया झालेल्यांत पुढे किडनी निकामी होण्याचे प्रमाण इतरांच्या पावणेपाच पट निघाले. घाबरून जाऊ नका, एवढ्या मोठ्या संख्येत एकूण ४७७ जणींचीच किडनी निकामी झाली होती. तरी सहा आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी रक्तदाब आणि लघवी तपासायची. लघवीत अजून प्रथिन दिसले तर किडनीच्या डॉक्टरांकडे जायचे. त्यानंतर वर्षातून एकदा रक्तदाब, लघवी आणि साखर. बाळंतपणाचे कार्ड आणि वारेचा अहवाल बाळाच्या लसीच्या कार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेवा, आणि पुढे कधीही कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तर ‘मला गरोदरपणी बीपी झाले होते’ हे पहिल्या वाक्यात सांगा.